भुजलीचं सुतक

सिहोरा, १ सप्टेंबर २०२५

प्रिय भुजलीस,

हे पत्र तुझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठवते आहे. घरी पाठवलं असतं तर तुझ्या मालकांनी अक्षर ओळखून चुलीत घातलं असतं. तुझ्या मोबाइलवर माझा नंबर ब्लॉक करणं त्यांना जमलं, टपाल खातं काही त्यांच्या हातात नाही. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत दंडारीचा खेळ बघताना सतरंजीवर कोण कुठं बसलं यावरून दोन नवऱ्यांनी एकमेकांच्या गचांड्या धराव्यात आणि अबोला आपल्या दोघींच्या वाट्याला यावा, हा कुठला न्याय? दोन वर्षं झाली. रायपूर काही लंकेत नाही, पण तू गेलीस ती गेलीसच.

नावानं हाक मारली नाही म्हणून परकी समजू नकोस. शाळकरी होतो आपण, राखीच्या दुसऱ्या दिवशी तलावाच्या पाळीवर एकमेकींच्या कानामागे गव्हाचे पिवळे कोंब खोवले आणि भुजली झालो. भुजलीचं नाव घ्यायचं नसतं. भुजलीशी नातं मोडता येत नाही. आणि भुजली मेली तर सख्ख्या बहिणीसारखं सुतक पाळावं लागतं. मी आजवर तुझं नाव घेतलेलं नाही, मनातल्या मनात शिव्या देतानाही नाही.

तृप्तीबद्दल लिहायचं आहे. आता ती दहावीत आहे. गेल्या हिवाळ्यात शाळेच्या गॅदरिंगमध्ये नाचताना ती स्टेजवर पडली. माणूस आहे, पडतं. पण कोणीतरी ते मोबाइलमध्ये धरलं, त्याला हसण्याचे आवाज जोडले आणि सोडून दिलं. तुमसरपर्यंत लोकांनी पाहिलं. रस्त्यानं जाताना पोरं तिला बघून मुद्दाम घसरायची. मग तिनं बोलणं सोडलं, मैत्रिणी सोडल्या, कात्री घेऊन स्वतःचे केस कापले. भिंतीकडे तोंड करून पडायची आणि मोबाइलवर तेच ते पुन्हा बघायची. दुखरा दात आपण जिभेनं चाचपत राहतो ना, तसं.

तिचे बाबा म्हणाले, "दे इकडे तो मोबाइल, पाट्यावर ठेवून फोडतो."

मी म्हटलं, "तुमी मोबाइल फोडान, पन तिच्या डोस्क्यातलं कसं फोडान?"

मग मी रेणू झाले.

म्हणजे असं, की बचत गटाच्या कामासाठी मिळालेल्या मोबाइलवर मी एक खातं उघडलं. रेणू, दहावी, राहणार रायपूरकडे. एक ओळ पाठवली, "मी पन शाळेत पडली होती." दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी तिचं उत्तर आलं, आणि भुजली, जी पोरगी मला 'हूं' च्या पुढं काही म्हणत नव्हती ती रेणूला पानंच्या पानं लिहायला लागली. मी स्वयंपाकघरात चुलीवरच्या भाताच्या गंजाशी बसून लिहायची, ती मधल्या खोलीत पडून वाचायची. मधे एक भिंत. भिंतीपलीकडून तिच्या हसण्याचा आवाज यायचा आणि मी पदर तोंडात कोंबायची. एकदा तिनं लिहिलं, "तू घडीघडी जेवली का काहून विचारते? माह्या आईवानी करते." त्यानंतर मी जरा सांभाळून राहिले.

काय काय सांगितलं तिनं मला! आई म्हणून ऐकलं असतं तर मी दोन लाफे मारले असते नाहीतर ऊर बडवला असता. रेणू म्हणून नुसतं ऐकून घेतलं. ती जेवायला लागली. शाळेत जायला लागली. मी स्वतःलाच म्हटलं, सत्यभामा, तू काही कमी नाहीस.

यंदा नागपंचमीला तिनं स्वतःहून टोपलीत गहू पेरले आणि अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवले. राखीच्या दुसऱ्या दिवशी मेसेज आला, "रेणू, माह्यी भुजली होशीन?" मी काय म्हणणार? नाही म्हटलं असतं तर पोरगी पुन्हा भिंतीकडे वळली असती. तिच्याच टोपलीतले दोन कोंब चोरून मी गोठ्यामागे गेले आणि कानामागे खोवले. कोंब धरलेल्या हाताचा फोटो काढून पाठवला. तिकडं तिनंही खोवले. पाळीवर बाया भुजलीची गाणी म्हणत होत्या, त्यांचा आवाज गोठ्यापर्यंत येत होता.

खोट्या नावानं जोडलेली भुजली लागते का गं? तू मास्तरीण आहेस, तू सांग. कारण त्या दिवसापासून मला तृप्तीला हाक मारता येत नाही. लिहिताना नाव येतं. तोंडानं घ्यायला गेले की भलतंच येतं. "ए पोरी" म्हणते. तिच्या बाबांनी विचारलंसुद्धा, हिचं नाव विसरली का म्हणून.

एक बारीकशी गोष्ट राहिली. खात्याला फोटो लागतो. मी ब्लॉक व्हायच्या आधी तू स्टेटसला तुझ्या टीनाचा फोटो ठेवला होतास, नदीकाठचा, अर्धा चेहरा दिसणारा. तो मी जपून ठेवला होता. तोच लावला. परकीच्या लेकीचा लावण्यापेक्षा आपल्या लेकीचा बरा, एवढाच विचार केला. राग मानू नकोस.

तुझी भुजली

सिहोरा, २० सप्टेंबर

प्रिय भुजलीस,

टीना कशी आहे? बाकी काही लिहू नकोस, एवढी एक ओळ लिही. ताप, खोकला, काही नाही ना? गाडीवरून कोणासोबत जात नाही ना? मला सहज विचारावंसं वाटलं.

सहज नाही. सांगते.

भुजली झाल्यावर तृप्तीचं रेणूशिवाय पान हलेना. केसांना क्लिप कोणती लावू हेसुद्धा विचारायची. मग म्हणायला लागली, मी तुह्याकडे येते, इथं मले कोनी नाही. मी लिहिलं, माझे बाबा मोबाइल काढून घेणार आहेत, आता बोलता येणार नाही. वाटलं, हळूहळू विसरेल. दुसऱ्या दिवशी शाळेतून घरीच आली नाही. आमच्या यांच्या ओळखीच्या एकानं तिला तुमसर रोड स्टेशनवर पाहिलं म्हणून सापडली. दप्तरात एक ड्रेस, चिवड्याची पुडी आणि रायपूरचं तिकीट.

माझ्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस? मी विचार केला, रेणू रुसली तर ही मनवायला जाईल, रेणू दूर गेली तर ही शोधायला जाईल. मेलेल्या माणसाकडे काही कोणी गाडीनं जात नाही. म्हणून रेणूचा भाऊ बनून मी दोन ओळी लिहिल्या. डेंग्यू झाला, रायपूरच्या दवाखान्यात वारली. मग मोबाइलमधून ते ॲपच काढून टाकलं.

पाठवल्यावर लक्षात आलं की त्या दोन ओळींच्या वर टीनाचा फोटो होता. भुजली, जित्या लेकराच्या नावानं मी मरण लिहिलं. देवापुढे नाक घासलं. इतके दिवस पत्र टाकता आलं नाही, का ते पुढं लिहिते; तू लगेच कळव.

तृप्ती रडली नाही. उठली, अंगणात आली आणि शेजारच्या सुलोचनाबाईंना म्हणाली, "काकू, माह्यी भुजली मेली. आता काय करा लागते?"

सुलोचनाबाई म्हणजे गावच्या रीतीभातीचा चालताबोलता ग्रंथ. म्हणाली, "बापा बापा! भुजली मेली त सुतक लागतेच, पोरी. घरभर लागते."

आणि लागलं. घरात फोडणी बंद. तृप्ती अळणी जेवायची, जमिनीवर झोपायची. तिचे बाबा भोळे, त्यांना खरीच कोणाची तरी पोर गेली वाटलं, तेही अळणी जेवले. आळीतल्या बाया बसायला आल्या. "किती सालाची होती वो?" "मायबापाचं कसं झालं असन?" मी त्यांच्यात बसून पदर डोळ्याला लावत होते, आणि खरं सांगते, मला खरंच रडू येत होतं. जी मी गंजाशी बसून बनवली, तिच्यासाठी.

दहाव्या दिवशी तृप्तीनं हट्ट धरला म्हणून तिच्या बाबांनी तलावाच्या पाळीवर भाताचा पिंड ठेवला. मी मनात म्हणत होते, आता फजिती होणार. जी जन्मलीच नाही तिचा पिंड कावळा कशाला शिवेल? संध्याकाळपर्यंत बसावं लागेल, शेवटी दर्भाचा कावळा करावा लागेल. चार सालांमागं सासऱ्यांच्या पिंडाला दुपार झाली होती, ठाऊक आहे ना.

पिंड ठेवून हे मागं वळायच्या आत कावळा आला. एकच. घास उचलला आणि तलावावरून गेला. सुलोचनाबाई म्हणाली, "पोरीची काही इच्छा राह्यली नव्हती, शांत गेली."

टीनाचं लवकर कळव.

तुझी भुजली

सिहोरा, १२ ऑक्टोबर

भुजली,

तुझं कार्ड मिळालं. "टीना ठीक आहे. हे तू काय केलंस?" एवढंच. एवढंही पुरे. कार्ड देव्हाऱ्यात ठेवलं आहे. तुझा राग मला समजतो, पण आता रागवायला वेळ नाही.

सुतक फिटल्यावर तृप्ती आठ दिवस शांत होती. मग पुन्हा मोबाइल घेऊन बसायला लागली आणि बसल्या बसल्या हसायची. मला बरं वाटलं, म्हटलं दुसरी मैत्रीण मिळाली असेल. परवा ती अंघोळीला गेली तेव्हा मोबाइल उघडाच राहिला होता. मी बघितला.

रेणूचंच खातं होतं. ॲप मी काढलं, पण खातं तसंच राहिलं, हे मला कुठं ठाऊक. रेणूकडून एक अक्षर आलेलं नाही. येणार कसं? पासवर्ड माझा मलाच आठवत नाही. पण तृप्ती रोज लिहिते आहे, आणि काय लिहिते आहे ते तसंच्या तसं उतरवते.

"हो, जेवली."

"नाही, आज नाही रडली."

"ते पोट्टे आता काही म्हणत नाही."

"आईले नाही सांगितलं. तू नको म्हटलं ना."

"नाही, थंड्या पान्याले नाही भेत मी."

"एवढं धान घरी आलं का येते."

मधल्या जागा रिकाम्या. प्रश्न कुठंच नाहीत, नुसती उत्तरं. मी ते दोनदा वाचलं. कारण ते प्रश्न मला ठाऊक आहेत, भुजली. जेवलीस का, रडलीस का, ते माझेच प्रश्न आहेत. पण पाण्याचं मी कधी विचारलं नव्हतं, मी तर रेणूला दवाखान्यात मारलं होतं. आईला सांगू नको, असंही मी कधी लिहिलं नव्हतं.

न्हाणीतून आली तेव्हा मी विचारलं, "पोरी, कोनाशी बोलून राहिली?"

म्हणाली, "भुजलीशी."

"ती त गेली ना?"

"हो. म्हनून आता तिले मोबाइल नाही लागत."

इतकं साधेपणानं म्हणाली, जसं कोणी सांगावं की आता तिला बसपास नाही लागत.

आम्ही तिला भंडाऱ्याला मनाच्या डॉक्टरीण बाईंकडे नेलं. बाई चांगल्या आहेत, त्यांनी तृप्तीशी एकटीशी बोलून घेतलं. मग मला आत बोलावलं. गोळ्या दिल्या, एकटीला क्षणभर सोडायचं नाही, म्हणाल्या. मी त्यांना सगळं कबूल केलं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "तिला खरं सांगा. तुम्हीच सांगा. लवकर सांगा."

परतीच्या वाटेवर कारध्याच्या पुलावर गाडी आली तेव्हा तृप्तीनं काचेला नाक लावून खाली वैनगंगा बघितली. मी तिचं मनगट धरलं ते सिहोऱ्याला पोचेपर्यंत सोडलं नाही.

खरं सांगायला तोंड उघडत नाही गं. तिनं मला विश्वासानं जे जे सांगितलं ते मी चोरून ऐकलं, हे कोणत्या तोंडानं सांगू? मग ती मलाही सोडेल आणि तिच्यापाशी ती एकटीच उरेल, ती पाण्यातली.

तुझी भुजली

१३ ऑक्टोबर

कालचं पत्र पोस्टात टाकलं नव्हतं म्हणून ही चिठ्ठी त्यातच घालते.

शेतात हलकं धान कापायला आलं आहे. तिचे बाबा उद्या बाया लावू म्हणतात. मी म्हटलं, राहू द्या, पिकू द्या अजून. ते म्हणाले, पिकून गळायला लागलं, वेड लागलं का तुला?

टीनाला पाठव. तू येऊ नकोस, तुझ्या मालकांना खरं सांगू नकोस, टीना मामाकडे दिवाळीला जाते म्हणून सांग. फोटोतली पोरगी जिती समोर उभी राहिली तर तृप्तीला पटेल की मेलं कोणीच नाही. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही. हे मागणं समज.

सिहोरा, १६ नोव्हेंबर

भुजलीस,

टीना केव्हाच सुखरूप पोचली असेल. तुझे उपकार कोणत्या जन्मी फेडू ते माहीत नाही. तिनं घरी काय सांगितलं कोण जाणे. पोरगी भेदरून गेली, तिची माफी माग माझ्या वतीनं. आता नीट ऐक.

टीना दारात आली तेव्हा तृप्ती ओसरीवर तांदूळ निवडत होती. मी टीनाचा हात धरून पुढं केलं आणि म्हटलं, "बघ पोरी, कोन आली. हे तुह्यी रेणू. मेली नाही ते, जिती हाय."

तृप्तीनं वर बघितलं आणि हसली. "हे त मावशीची टीना होय. ये बस. फोटो तुहाच होता ना त्या खात्यावर? मले पहिल्याच दिवशी ओळखू आला होता."

मी विचारलं, "मंग तू काही बोलली काहून नाही?"

"बोलाचं काय त्यात? फोटो कोनीबी कोनाचाबी लावते, आई." मग टीनाकडे बघून शांतपणे म्हणाली, "तुले पाहून तिले हासू येऊन राहिलं."

टीना पांढरीफटक पडून आत गेली. मी तिथंच तांदळात बसले. दुसरं काही हातात उरलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेच करायचं होतं, ते मी एवढे दिवस टाळलं.

म्हटलं, "रेणू मी होती."

ती सूप पाखडत राहिली.

"पहिल्या ओळीपासून मीच होती. गोठ्यामागं जाऊन मीच भुजली खोवली." तिला पटावं म्हणून तिनं फक्त रेणूला सांगितलेली एक गोष्ट मी बोलून दाखवली. ती तुलाही लिहीत नाही, ती तिची आहे. सूप थांबलं. मी वाट बघत होते की ती किंचाळेल, शिव्या देईल, मोबाइल माझ्या तोंडावर फेकेल. सगळ्याची तयारी होती माझी.

तिनं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "मंग तू मेली काहून?"

मी म्हटलं, "तू निंगून जाशीन म्हनून. त्या दिवशी तू गाडीत बसली असती त..."

"मी तुह्याकडेच येत होती ना."

भुजली, मी तिला पोटाशी धरलं आणि रडले, जशी दहाव्यालाही रडले नव्हते. तिनं माझं तोंड दोन्ही हातांनी चाचपून बघितलं, कपाळ, कान, गळा. मग तीही रडली. कित्येक महिन्यांनी. आत टीना रडत होती. सुलोचनाबाई भिंतीवरून डोकावली आणि आता कोण गेलं म्हणून तीही रडायला लागली.

त्या दिवसानंतर मोबाइलवरचं लिहिणं थांबलं. तिनं ते खातं स्वतः काढून टाकलं. धान घरी आलं, ती कुठंही गेली नाही. शाळा सुरू झाली तशी जाते आहे. मीठमिरची लावून जेवते. संध्याकाळी माझ्याजवळ बसून सगळं सांगते, कोणाचं कोणाशी वाजलं, कोणता पोरगा बरा दिसतो, सगळं. मी नुसतं ऐकते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मुलगी सावरते आहे, गोळ्या मात्र चालू ठेवा, येत राहा.

फक्त मला ती आता भुजली म्हणते.

आधी मी हसले. म्हटलं लाडानं म्हणते. तिचे बाबाही हसले. पण ती चुकूनही आई म्हणेना. गेल्या आठवड्यात मी शेतातून आले तर माझ्या ट्रंकेतल्या चार साड्या सुलोचनाबाईच्या हाती देताना दिसली. मी विचारलं तर म्हणाली, "घरात ठेवू नये. आईच्या होत्या." सुलोचनाबाई माझ्या तोंडाकडे बघत होती, मी सुलोचनाबाईच्या. साड्या मी परत घेतल्या नाहीत. का घेतल्या नाहीत ते मला सांगता येत नाही.

काल तिला शाळेतून आणायला गेले. फाटकाशी नवीन बदलून आलेल्या बाई उभ्या होत्या. तृप्ती पळत आली, माझा हात धरला. गाल चांगले भरले आहेत, केस मानेपर्यंत वाढले आहेत. बाई म्हणाल्या, "तृप्ती, सोमवारी पालकसभा आहे. आईला घेऊन ये बरं."

ती म्हणाली, "आई नाही, मॅडम. भादव्यात गेली. दहावं पन केलं आमी."

तिच्या आवाजात काही नव्हतं. दुःखसुद्धा जुनं झालेलं होतं. बाई कळवळल्या, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि तुम्ही?"

माझ्या मनात उत्तर होतं. पंधरा वर्षांचं उत्तर होतं. पण तृप्तीची बोटं माझ्या बोटांत होती, गरम होती, आणि ती वर माझ्या तोंडाकडे बघत होती, पाळीवर पिंड ठेवताना बघत होती तशी.

मी म्हटलं, "मी हिची भुजली."

बाई म्हणाल्या, "बरं, मग सोमवारी तुम्हीच या."

जाते आहे.

तुझीही,
भुजली